हात धुतल्याची नोंद

आमच्या काचघराच्या दारावर एक पाटी आहे. 'आत येण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, मग दुधात बुडवावेत. रोपांना विनाकारण हात लावू नये. नियम सर्वांना सारखाच लागू.' खाली मोठ्या सरांची सही. सही इतकी ऐसपैस की पाहुण्यांना वाटतं, पाटी तिच्यासाठीच लावली आहे. त्यांचं फारसं चुकत नाही.

दूध कशाला, असं प्रत्येक जण विचारतो. टोमॅटोच्या पानांवर हिरवे-पिवळे डाग पाडून झाड खुरटवणारा एक विषाणू आहे. तो माणसाच्या बोटांवरून झाडावर जातो, आणि साबणातून सुटला तरी दुधात त्याचं फारसं काही चालत नाही. एवढी साधी गोष्ट. पण दूध पुरवणाऱ्या कोठीवाल्यांना सव्वीस वर्षांनंतरही खात्री आहे की आम्ही आत बसून चहा करतो.

मी त्या काचघराची राखणदार. कुंड्या भरणं, पाणी, तापमान आणि दाराशी टांगलेली नोंदवही. वहीत चार रकाने: तारीख, नाव, काम, आणि 'हात धुतले का'. शेवटच्या रकान्यात 'हो' किंवा 'नाही' लिहून मी सही करायची. 'नाही' असेल त्याला आत सोडायचं नाही. मी संचालकांच्या व्याह्यांना दारातून परत पाठवलंय. एकदा वायरिंग जळालं तेव्हा आग विझवायला आलेल्यांनाही विचारलं होतं, हात धुतले का. आग लहान होती.

सगळी इमारत मला मावशी म्हणते. त्यांत खरी भाची एकच. ती चार वर्षांपूर्वी डॉक्टरेट करायला इथे आली आणि माझ्याकडेच राहते. तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, मीच फोनवर सांगितलं होतं, 'पाठव बिनधास्त, मोठे सर देवमाणूस आहेत.' माणसं ओळखण्यातलं माझं कौशल्य मी तेव्हापासून कोणाला दाखवत नाही.

मोठ्या सरांचं नाव झालं ते एका टोमॅटोमुळे. त्यांनी त्यात बाहेरचं एक जनुक घातलं होतं, आणि त्यामुळे या विषाणूचं झाडापुढे काही चालत नाही असा त्यांचा दावा. काचघरात दोन ओळी असत. डावीकडे सरांचा टोमॅटो, उजवीकडे साधा. दोन्हींवर विषाणू चोळायचा. पंधरा दिवसांत साधी ओळ मान टाकायची आणि सरांची ओळ टवटवीत उभी. तीन वर्षं हा खेळ चालला. पाहुणे यायचे, फोटो काढायचे. सर फोटोत कायम डाव्या ओळीच्या बाजूला.

बियाणं बाहेर द्यायचं ठरलं, तसा हा प्रयोग कोणीतरी नव्याने करून बघायला हवा असं निघालं. ते काम भाचीकडे आलं. तिला जागा मिळाली तळघरातल्या बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात. सरांचे गुडघे दुखतात, त्यामुळे ते जिना उतरत नाहीत. पोरीने दोन्ही ओळी लावल्या, विषाणू चोळला, आणि दोन्ही ओळी मेल्या. परत लावल्या, परत मेल्या. तिसऱ्यांदा तिने बी बदललं, माती बदलली, जेवणखाण सोडलं. टोमॅटोंनी त्याची काही दखल घेतली नाही.

तिने तिन्ही वेळा अहवाल लिहिला. तिन्ही अहवाल मधल्या सरांच्या खणात गेले. मधले सर म्हणजे मोठ्या सरांच्या आणि बाकी जगाच्या मध्ये जे बसतात ते. त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि प्रेमाने समजावलं, "हे बघ बाळा, सरांची ओळ जगते आणि तुझी मरते. मग खोट कुठे आहे? हातात. काहींचा हात लागला की झाड टिकत नाही, त्याला कोण काय करणार." मग एक पत्र दिलं. महिन्याने आढावा समिती बसेल, आणि 'प्रयोगातील वारंवार हलगर्जी' या कारणाने तिचं नाव कमी करण्याचा विचार होईल. चार वर्षं गेली, आणि वर हात वाईट असल्याचा शिक्का. असा शिक्का घेऊन या धंद्यात दुसरीकडे कोणी दारात उभं करत नाही.

ते पत्र घेऊन ती घरी आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. मी दुधी चिरत होते. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बसून राहिली, म्हणून मीच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "झाडाला साधं विषाणूशी लढायचं असेल, जनुकबिनुक काही न घालता, तर ते काय करतं गं?"

शिकवायला मिळालं की ती जरा माणसात येते. तिने तेच पत्र उचललं आणि त्याची एक लांब पट्टी फाडली.

"विषाणू म्हणजे ही एक चिठ्ठी समज, मावशी. हिच्यावर मुख्य हुकूम एकच, माझ्या प्रती काढा. पेशी बिचारी प्रती काढत बसते."

"आमच्या कार्यालयात नोकरीला असणार."

"ऐक तर. प्रत काढताना ही चिठ्ठी दुपदरी होते." तिने दुसरी पट्टी फाडून पहिलीवर ठेवली. "झाडाच्या घरच्या चिठ्ठ्या बहुतेक एकपदरी. अशी लांबलचक दुपदरी दिसली की झाडाला कळतं, हे आपलं नव्हे. मग एक प्रथिन येतं, त्याचं काम फक्त कातरणं." तिने माझी कात्री ओढली आणि पत्राचे भराभर तुकडे केले. "एकवीस-बावीस अक्षरांचा एकेक तुकडा. मग दुसरं प्रथिन त्यातला एक तुकडा हातात धरतं आणि पेशीभर हिंडतं. ज्या चिठ्ठीवर तीच अक्षरं जुळतील, तिचे जागच्या जागी दोन भाग. आणि हे तुकडे शेजारच्या पेशींत जातात, देठातून वर जातात. शेंड्याच्या कोवळ्या पानाने विषाणू बघितलेलाही नसतो, पण ओळख पटवायचा नमुना त्याच्याकडे आधीच पोचलेला असतो."

"आणि विषाणू हे सगळं बघत बसतो?"

"छे. त्याच्याकडे पण एक प्रथिन असतं. ते तुकडेच कवटाळून बसतं. तुकडे पुढे गेले नाहीत की कातरणं थांबतं."

"मधले सर," मी म्हणाले.

पोरगी चार दिवसांत पहिल्यांदा हसली. मग उगीच बोलायचं म्हणून बोलावं तशी म्हणाली, "म्हणून तर एखाद्या विषाणूचा गरीब भाऊबंद आधी झाडात शिरला ना, तर पुढे त्याचा दांडगा भाऊ आला तरी झाडाला होत नाही काही. तुकडे तयारच असतात. आणखीही कारणं असतील, पण हे मोठं."

"हा गरीब भाऊबंद येतो कुठून?"

"कुठूनही. तंबाखूतून येतो. सिगारेट ओढणाऱ्याच्या बोटांवर असतो. म्हणून तर तू सगळ्यांचे हात धुऊन घेतेस."

माझी सुरी दुध्यात तशीच राहिली.

कारण मी सगळ्यांचे हात धुऊन घेत नव्हते. मोठे सर रोज सकाळी सव्वानऊला काचघरात येत. खिशात खुल्या तंबाखूची पुडी. आत ओढायला बंदी, म्हणून ते सिगारेट आत फक्त वळायचे, सावकाश, बोटांनी तंबाखू मोकळा करत. मग तशाच बोटांनी डाव्या ओळीतल्या प्रत्येक झाडाची बगलफूट, म्हणजे खोडाच्या बेचक्यातले कोवळे कोंब, नखाने खुडत ओळीच्या टोकापर्यंत जायचे. 'झाडाला मालकाचा हात कळतो,' म्हणायचे. उजव्या ओळीकडे बघायचेसुद्धा नाहीत. साध्या टोमॅटोला हात लावणं त्यांच्या पदाला शोभणारं नव्हतं. झाडाला जखम करायची आणि त्यावर तंबाखूचं बोट टेकवायचं, लस टोचायला याहून सोपा मार्ग नाही. डाव्या ओळीची खालची पानं नेहमी किंचित कबरी दिसत. मी म्हणायचे खत कमी पडतंय, आणि खत वाढवायचे.

दुधाचं भांडं? ते मी त्यांच्यापुढे कधीच धरलं नाही. पहिल्या दिवशी धरणार होते. ते संचालकांशी बोलत आत आले, मी भांडं उचललं, त्यांनी मला 'काय मावशी, बरं आहे ना' असं विचारलं, आणि मी भांडं खाली ठेवलं. एवढंच झालं. मग वहीत 'हात धुतले का' पुढे लिहिलं 'हो', आणि सही केली. दुसऱ्या दिवशी परत 'हो' लिहिलं. तीन वर्षं, सुट्ट्या वगळून, रोज 'हो'.

हे मी भाचीला त्या रात्री सांगितलं नाही. माझी नोकरी चौदा महिन्यांची राहिली होती, आणि नोंदवहीत खोटं लिहिणं हा आमच्याकडे घरी पाठवण्याजोगा गुन्हा आहे. मला माझी लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून तोंड उघडलं असंही नाही. मी मनाशी म्हटलं, आधी खात्री करून घेऊ. भित्र्या माणसाला खात्रीची फार आवड असते.

सरांनी दाराबाहेरच्या कुंडीत खोचलेली सिगारेटची चार थोटकं मी उचलली, पाण्यात कुस्करली, आणि साध्या टोमॅटोच्या चार रोपांना जरा खरडून ते पाणी चोळलं. दुसऱ्या चार रोपांना नुसतं पाणी. आठही कुंड्यांखाली माझ्यापुरत्या खुणा. दहा दिवसांनी भाचीला म्हटलं, "या आठांना तुझा दांडगा विषाणू चोळून दे. का ते विचारू नकोस." तिने विचारलं नाही, चोळून दिला. ज्याला माहीत नाही त्याच्याकडून प्रयोग करून घेण्याला शास्त्रात मोठा मान आहे, असं मला नंतर कळलं. मी आपला घाबरटपणातून केला होता.

समितीच्या आदल्या दिवशी चार कुंड्या मेलेल्या होत्या, चार उभ्या. जनुक एकाही झाडात नव्हतं. मग मात्र मी भाचीला सगळं सांगितलं. ती कुंड्यांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "तीन वर्षं, मावशी?" एवढंच म्हणाली. चिडली असती तर मी उत्तर दिलं असतं.

समितीत तिघं होते. मोठे सर, मधले सर, आणि बाहेरून आलेल्या एक वयस्क परीक्षक बाई, ज्यांनी सकाळपासून फक्त खिडकी लावून घ्यायला सांगितलं होतं. भाचीने उभं राहून आठ कुंड्यांचं सगळं सांगितलं. सरांच्या बोटांचंही सांगितलं.

मोठे सर रागावले नाहीत. मोठी माणसं रागावायचं काम दुसऱ्याला देतात. मधल्या सरांनी नोंदवही उघडली आणि वाचायला लागले. "सोमवार, हात धुतले, हो. मंगळवार, हो. बुधवार, हो. प्रत्येक नोंदीखाली राखणदाराची सही. ज्या हातांना विषाणूच नाही, त्यांवरून तो झाडांत गेला कसा, ते तुझ्या मावशींनाच विचार."

मी दाराशी कुंड्यांचा ट्रे धरून उभी होते. माझे गुडघेही आता सरांसारखेच दुखतात. मी म्हणाले, "वही खोटी आहे. मी लिहिली आहे."

"सगळी?"

"सरांच्या नावापुढची सगळी. त्यांनी एकदाही हात धुतले नाहीत. मी एकदाही सांगितलं नाही."

"भाचीसाठी मावशी बोलणारच," मधले सर म्हणाले.

तेव्हा परीक्षक बाईंनी चष्मा लावला. मोठ्या सरांकडे वळून त्यांनी अगदी घरगुती आवाजात विचारलं, "तुम्ही हात धुता का हो?" सरांनी खिशातली पुडी चाचपली आणि मग हात खिशातून काढून टेबलावर ठेवला, आणि मग टेबलाखाली.

ठरलं ते असं. दोन्ही ओळी नव्याने लावून विषाणू चोळायचा, काचघराला बाईंचं कुलूप, चाळीस दिवस सरांनी आत पाऊल टाकायचं नाही. भाचीचा निर्णय तोवर राखून. चाळीस दिवसांनी कुलूप उघडलं तेव्हा डावी ओळ उजव्या ओळीइतकीच मेली होती. मी इतक्या मेलेल्या झाडांकडे बघून इतकी कधी खूश झाले नव्हते.

भाचीचं नाव कमी झालं नाही. मात्र शेवटचा एक प्रयोग तिने काचघरातच, सगळ्यांच्या देखत करायचा असं ठरलं: एका ओळीला मोजून गरीब विषाणू द्यायचा, दुसरी ओळ पूर्ण कोरी ठेवायची, मग दोन्हींना दांडगा. कोऱ्या ओळीला एक जरी तंबाखूचं बोट लागलं तर सगळं पाण्यात. डॉक्टरेट त्या ओळीवर टांगलेली.

आता कोणाला वाटेल मोठे सर खचले असतील. दोनच आठवड्यांत त्यांचं व्याख्यान झालं. विषय, सौम्य विषाणूने झाडाला दिलेलं संरक्षण. हे आपण तीन वर्षं हेतुपुरस्सर करत होतो, बगलफूट खुडण्याची ती आपली खास पद्धत, असं त्यांनी सांगितलं, आणि पडद्यावर त्यांच्या बोटांचा मोठा फोटो आला. टाळ्या झाल्या. मधल्या सरांनी सर्वांत आधी वाजवल्या.

गेल्या सोमवारी शिपायाने मला एकदम दोन पाकिटं दिली. पहिल्यात लिहिलं होतं, मोठ्या सरांनी हात धुतल्याची खोटी नोंद सतत तीन वर्षं केल्याबद्दल माझी बदली कुंड्या धुण्याच्या खोलीत करण्यात येत आहे. दुसऱ्यात लिहिलं होतं, मोठ्या सरांनी हात धुतले नसल्याचं शास्त्रीय दृष्ट्या मोलाचं निरीक्षण नोंदवल्याबद्दल त्यांच्या आगामी लेखात माझे आभार मानण्यात येत आहेत. दोन्हींवर सही एकच, तीच ऐसपैस. पोचपावत्या मागितल्या, त्या मी दोन्हींच्या दिल्या.

त्याच सकाळी नव्या राखणदाराला काम सोपवायचं होतं. शांत, चाळिशीचा माणूस, आधीच्या ठिकाणी बारा वर्षं गोदाम सांभाळलेला. मी त्याला साबण दाखवला, दूध दाखवलं, वही दाखवली. भाची आत कोऱ्या ओळीवर वाकून खुणा लावत होती. मी त्याला दोनदा सांगितलं, ही ओळ कोरी राहिली पाहिजे, कोणीही असो. तो 'हो हो' म्हणाला.

सव्वानऊला सर आले. सिगारेट वळत, कोणाशी तरी फोनवर बोलत. आता ही ओळही त्यांना आपलीच वाटत होती, त्यामुळे पावलं थेट तिकडे. नव्या राखणदाराने दुधाचं भांडं उचललं. क्षणभर मला त्याचा अभिमान वाटला. मग त्याने ते हळूच बाजूच्या फळीवर ठेवलं, सरांची बाही ओली होऊ नये म्हणून. सर त्याला म्हणाले, "काय, नवीन का? बरं आहे ना?" त्याने मान डोलवली, वही उघडली, आणि चौथ्या रकान्यात नीट, वळणदार अक्षरात लिहिलं, 'हो'.

ते अक्षर सोडलं तर तो मीच होते. टोमॅटोच्या रोपाला एकदा दणका बसला की शेंड्याच्या पानापर्यंत निरोप जातो. आमच्यात तो या दारातून त्या दारात जात नाही. आत भाची सरळ उभी राहिली होती. ती काही बोलणार नव्हती. तिची डॉक्टरेट अजून त्यांच्या सहीवर होती. ती फक्त माझ्याकडे बघत होती, तेव्हा आठ कुंड्यांकडे बघितलं होतं तशी.

मी फळीवरचं भांडं उचललं आणि सरांच्या आणि ओळीच्या मध्ये जाऊन उभी राहिले. "सर, हात."

त्यांनी फोनवर 'एक मिनिट' म्हटलं. माझ्याकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तिसरं पाकीट. पण त्यांनी सिगारेट कानावर अडकवली, फोन खिशात टाकला, सिंकवर जाऊन साबण लावून हात धुतले आणि येऊन दोन्ही हात मनगटापर्यंत दुधात घातले. नखांतून तंबाखूचे बारीक कण सुटून वर तरंगायला लागले. सर त्या कणांकडे जरा कुतूहलानेच बघत राहिले.

"एवढंच होय?" ते म्हणाले. "मग मावशी, हे तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? मी काय नाही म्हणालो असतो?"

चिडून सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. मी भांडं तसंच धरून ठेवलं, त्यांचे हात पुरते निथळेपर्यंत. मग नव्या माणसाकडे वळले. तो खालमानेने वही मिटत होता.

"उघडा ती," मी म्हणाले. "आधीचा 'हो' खोडा, शेजारी तुमची सही करा. आणि आता लिहा 'हो'."